धातू-ऑक्साइड इलेक्ट्रोडच्या साहाय्याने सेंद्रिय संयुगांचा विद्युतरासायनिक शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे प्रकल्प करणारे विद्यार्थी, संशोधक आणि सांडपाण्याच्या प्रयोगशाळांतील विश्लेषक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. भर निकेल आणि तांबे यांच्या ऑक्साइडांवर आहे, कारण बहुतेक प्रश्न त्यांच्याविषयीच येतात. वेगळा उल्लेख नसेल तेथे सर्व विभव (इलेक्ट्रोडला दिलेला विद्युतदाब) संपृक्त पोटॅशियम क्लोराइडमधील सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या संदर्भात आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला धरावेत.

१. धातू-ऑक्साइड इलेक्ट्रोड म्हणजे बाजारात मिळणारा धातू-ऑक्साइड गॅस सेन्सरच का?

नाही, आणि ही गल्लत फार वेळा होते. टिन ऑक्साइडचा गॅस सेन्सर, जो १९६२ मध्ये जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी पुढे आणला, काहीशे अंशांपर्यंत तापवलेल्या अर्धवाहकाचा रोध मोजतो. त्यात द्रावण नसते आणि विद्युतरासायनिक सेलही नसतो. येथे चर्चा आहे ती द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडची. त्याच्या पृष्ठभागावर धातूचे ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड असते, त्याला ठरावीक विभव दिलेला असतो, आणि सेंद्रिय रेणूचे ऑक्सिडीकरण होताना मिळणारी विद्युतधारा मोजून त्या रेणूची संहती काढली जाते.

२. साधी तांब्याची किंवा निकेलची तार वापरली तर चालत नाही का?

चालते. आम्लारिधर्मी द्रावणात विभव वाढवला की तारेवर आपोआप हायड्रॉक्साइड-ऑक्साइडचा थर तयार होतो आणि काम तो थरच करतो. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सुरुवातीला विभवाची अनेक चक्रे फिरवून, सलग दोन चक्रांचे आलेख एकमेकांवर बसेपर्यंत थांबणे मात्र आवश्यक आहे. नॅनोकण, नॅनोतारा, फोम यांनी पृष्ठभाग वाढतो. रसायन तेच राहते. सुरुवात साध्या तारेपासून करावी, म्हणजे नंतर बनवलेल्या गुंतागुंतीच्या पदार्थाने खरोखर काय मिळवले हे तुलनेने कळते.

३. या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणूचे ऑक्सिडीकरण नेमके कसे होते?

निकेलच्या बाबतीत चित्र बरेच स्पष्ट आहे. फ्लाइशमन, कोरिनेक आणि प्लेचर यांनी १९७१ मध्ये मांडलेली यंत्रणा आजही आधार मानली जाते. सुमारे ०.४ ते ०.५ व्होल्टला निकेल हायड्रॉक्साइड एक इलेक्ट्रॉन सोडून निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड होते. हे ऑक्सिहायड्रॉक्साइड सेंद्रिय रेणूच्या कार्यगटालगतच्या कार्बनवरील हायड्रोजन अणू काढून घेते आणि स्वतः पुन्हा हायड्रॉक्साइड बनते. विभव कायम असल्यामुळे इलेक्ट्रोड त्याचे तत्काळ पुन्हा ऑक्सिडीकरण करतो. म्हणजे सेंद्रिय रेणूची गाठ ऑक्सिहायड्रॉक्साइडशी पडते आणि आपण मोजतो ती त्याच्या पुनरुज्जीवनाची धारा.

याची खूण चक्रीय व्होल्टामेट्रीत, म्हणजे विभव ठरावीक वेगाने वर नेऊन परत आणताना धारा नोंदवण्याच्या पद्धतीत, दिसते. ग्लुकोज घातल्यावर धनाग्री (ऑक्सिडीकरणाचे) शिखर वाढते आणि परतीच्या मार्गावरील क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेचे) शिखर खुजे होते, कारण क्षपणासाठी उरलेले ऑक्सिहायड्रॉक्साइड रासायनिक अभिक्रियेत आधीच खर्च झालेले असते. स्कॅनचा वेग फार ठेवला तर रासायनिक पायरीला वेळच मिळत नाही आणि हा फरक पुसट होतो. म्हणून यंत्रणेबद्दल काही म्हणायचे असेल, तर सेकंदाला ५ ते २० मिलिव्होल्ट असा सावकाश वेगही तपासावा.

तांब्याच्या बाबतीत एकमत नाही. मारिओली आणि कुवाना यांनी १९९२ मध्ये त्रिसंयुजी तांबे मध्यस्थ असल्याची मांडणी केली आणि ती असंख्य शोधनिबंधांत जशीच्या तशी उतरवली गेली. तिला आक्षेप घेणारे अभ्यासक पृष्ठभागावर शोषल्या गेलेल्या हायड्रॉक्सिलकडे आणि कॉपर ऑक्साइडच्या अर्धवाहक गुणधर्मांकडे बोट दाखवतात. आपल्या प्रबंधात त्रिसंयुजी तांब्याचे समीकरण लिहायचे असेल, तर ते गृहीतक आहे असे स्पष्ट नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

४. ग्लुकोज, इथेनॉल, ग्लायसीन सगळे जवळजवळ एकाच विभवाला धारा देतात. मग कोणता पदार्थ आहे हे इलेक्ट्रोडला कळते कसे?

कळत नाही. या विषयातील इतर बहुतेक अडचणी याच एका गोष्टीतून निघतात. प्रश्न ३ मधील यंत्रणा पाहिल्यास कारण दिसते : विभव ठरवतो तो निकेलचा स्वतःचा ऑक्सिडीकरण-टप्पा, सेंद्रिय रेणूचा नव्हे. त्यामुळे शर्करा, अल्कोहोल, अमाइन आणि अमिनो आम्ले यांचे प्रतिसाद एकाच ठिकाणी जमतात.

हा दोष वेगळ्या मांडणीत गुण होतो. आधी क्रोमॅटोग्राफीने किंवा केशिका विद्युतसंचरणाने घटक वेगळे केले, तर शेवटी असा शोधक (डिटेक्टर) हवा असतो की जो समोर येईल त्या प्रत्येक घटकाला प्रतिसाद देईल. शर्करांना अतिनील प्रकाशात ठळक शोषण नसते, म्हणून नेहमीचा प्रकाशशोधक तेथे दुबळा पडतो, आणि ऋणायन-विनिमय क्रोमॅटोग्राफीत तर वाहक द्रावणच सोडियम हायड्रॉक्साइड असते. व्यापारी उपकरणांत या जागी सहसा सोन्याचा इलेक्ट्रोड आणि स्पंद-विभव पद्धत असते; त्यातही प्रत्येक स्पंदात सोन्यावर ऑक्साइडचा थर बनवून आणि काढून पृष्ठभाग स्वच्छ केला जातो. निकेल आणि तांबे यांना स्थिर विभव पुरतो, हा त्यांचा फायदा.

सुक्रोजबद्दल वेगळे सांगायला हवे. फेलिंगच्या परीक्षेत सुक्रोज प्रतिसाद देत नाही, म्हणून येथेही देणार नाही असे अनेकजण धरून चालतात. तो देतो, कारण येथे मुक्त अल्डिहाइड गटाची गरज नाही. हायड्रॉक्सिल गट पुरेसे असतात.

५. द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडचेच का लागते? उदासीन पीएचला, थेट रक्तात, ग्लुकोज मोजता येणार नाही का?

निकेलचा टप्पा पुढे जाण्यासाठी हायड्रॉक्साइड आयन लागतो आणि सेंद्रिय रेणूच्या ऑक्सिडीकरणातही तो खर्च होतो. पीएच एका एककाने उतरला की हा टप्पा सुमारे ५९ मिलिव्होल्ट वर सरकतो. उदासीन द्रावणात पृष्ठभागाजवळ हायड्रॉक्साइडचा पुरवठा तोकडा पडतो आणि आम्लात तर थरच विरघळतो. रक्ताचा पीएच ७.४ आहे. त्यामुळे “विकररहित (एन्झाइमविना) ग्लुकोज सेन्सर” या नावाखालील निकेल-तांब्याचे बहुतेक प्रयोग रक्तात नव्हे, तर रक्तद्रवाचे काही थेंब मिसळलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये झालेले असतात. घरगुती ग्लुकोमीटरच्या पट्टीवर अजून विकर असते ते याच कारणाने. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये सुचवलेली विकर-इलेक्ट्रोडची कल्पना शरीराच्या पीएचला चालते.

नमुना हायड्रॉक्साइडमध्ये मिसळताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पाण्यातील मॅग्नेशियम लगेच हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसते आणि इलेक्ट्रोडवरही साचते. शिवाय उघड्या बाटलीतील सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत राहते, म्हणून आठवडाभर उघडी राहिलेली बाटली अंशशोधनासाठी (ज्ञात संहतींवरून धारेचे माप ठरवण्यासाठी) वापरू नये.

६. मोजमापासाठी विभव किती ठेवावा?

निकेलसाठी साधारण ०.४५ ते ०.५५ आणि तांब्यासाठी ०.५ ते ०.६५ व्होल्ट या पट्ट्यात शोधायला सुरुवात करावी. पण आकडा उसना घेऊ नये. एकाच संहतीला वेगवेगळ्या विभवांवर धारा आणि कोऱ्या द्रावणातील गोंगाट दोन्ही मोजावेत आणि त्यांचे गुणोत्तर सर्वाधिक जेथे येईल तो विभव घ्यावा. केवळ धारा वाढते म्हणून विभव वर नेणे ही नेहमीची चूक आहे.

वरची मर्यादा ऑक्सिजन घालतो. पीएच १३ ला ऑक्सिजन निर्मितीचा समतोल विभव आपल्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत १.२३ वजा ०.७७ वजा ०.२०, म्हणजे केवळ ०.२६ व्होल्ट येतो. आपण मोजतो ते विभव त्याच्या बरेच वर आहेत. ही पद्धत चालते ती ऑक्सिजनची अभिक्रिया मंद असल्यामुळे. हा मंदपणा गेला की काय होते ते प्रश्न १२ मध्ये पाहावे.

७. शोधनिबंधातला विभव माझ्या सेलमध्ये जुळत नाही. माझा इलेक्ट्रोड चुकीचा आहे का?

आधी संदर्भ इलेक्ट्रोड पाहावा. प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत संपृक्त सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड ०.१९७ व्होल्टवर, तर संपृक्त कॅलोमेल सुमारे ०.२४ व्होल्टवर असतो. निबंधात नुसते “सिल्व्हर क्लोराइड” लिहिलेले असेल आणि आतील द्रावण ३ मोलर असेल, तर आणखी काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. शिवाय तीव्र हायड्रॉक्साइडमध्ये दीर्घकाळ ठेवलेल्या या इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र टोकातून हायड्रॉक्साइड आत शिरते आणि विभव हळूहळू ढळतो. अशा द्रावणासाठी पारा–मर्क्युरिक ऑक्साइड इलेक्ट्रोड अधिक योग्य आहे.

८. कोणत्या कामाला कोणते ऑक्साइड घ्यावे?

स्वित्झर्लंडमधील लोझानचे क्रिस्टोस कॉम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये केलेली विभागणी विचाराला चांगला आधार देते. रुथेनियम आणि इरिडियम यांची ऑक्साइडे “सक्रिय” मानली जातात : पृष्ठभागावरील ऑक्सिजन धातूशी घट्ट बांधला जातो आणि सेंद्रिय रेणूचे ऑक्सिडीकरण अर्धवट, निवडक होते. लेड डायऑक्साइड आणि अँटिमनी-मिश्रित टिन ऑक्साइड “निष्क्रिय” गटात येतात. त्यांच्यावर ऑक्सिजन उशिरा निघतो, हायड्रॉक्सिल मूलके सैल राहतात आणि रेणूचे ज्वलन कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाऊ शकते. बोरॉन-मिश्रित हिराही याच गटातला, जरी तो ऑक्साइड नसला.

शोधकामाच्या भाषेत सांगायचे, तर शर्करा, अल्कोहोल आणि अमिनो आम्ले यांच्यासाठी निकेल, तांबे किंवा कोबाल्ट घ्यावे. एकूण सेंद्रिय भार हवा असेल तर लेड किंवा टिन ऑक्साइड किंवा प्रकाशित टायटॅनियम डायऑक्साइड. हेन्री बीअर यांनी १९६०च्या दशकात क्लोरीन उद्योगासाठी आणलेले टायटॅनियमवरील रुथेनियम ऑक्साइडचे लेप टिकाऊ खरे, पण सूक्ष्म मापनासाठी त्यांची पार्श्वभूमी-धारा मोठी असते. लेड डायऑक्साइडमधून शिसे पाण्यात उतरू शकते. पिण्याच्या पाण्याच्या वाहत्या प्रवाहात तो बसवणे मला पटत नाही.

९. फिनॉल मोजताना दर स्कॅनला धारा घटत जाते. असे का?

फिनॉलच्या ऑक्सिडीकरणातून बनणारी मूलके एकमेकांना जोडली जाऊन पृष्ठभागावर बहुवारिकाचा रोधक पापुद्रा बनवतात. पहिल्या स्कॅनमध्ये मोठे शिखर, दुसऱ्यात निम्मे आणि पुढे जवळपास काहीच नाही, असा क्रम दिसला तर कारण हेच समजावे. उपाय म्हणजे संहती कमी ठेवणे, दर मोजमापानंतर इलेक्ट्रोडला ऑक्सिजन निघेल इतका उच्च विभव काही सेकंद देऊन पापुद्रा जाळणे, किंवा एकदाच वापरायचे छापील इलेक्ट्रोड घेणे.

ज्यांना पिण्याच्या पाण्यात फिनॉल शोधायचा आहे, त्यांनी आधी हिशेब करावा. भारतीय मानक १०५०० नुसार फिनॉलयुक्त संयुगांची स्वीकारार्ह मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे सुमारे ११ नॅनोमोलर. मायक्रोमोलर शोधसीमा (ओळखता येणारी किमान संहती) असलेला सेन्सर “पिण्याच्या पाण्यासाठी उपयुक्त” म्हणता येत नाही. उद्योगांच्या सांडपाण्यासाठी नद्या-नाल्यांत सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा १ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तेथे तो चालू शकेल.

१०. साखर कारखान्याच्या किंवा आसवनीच्या सांडपाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सेंद्रिय भाराचे माप) या इलेक्ट्रोडने मोजता येईल का?

कल हवा असेल तर हो. नियामकाला द्यायचा आकडा हवा असेल तर नाही. प्रमाण पद्धतीत नमुना डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लासह सुमारे १५० अंशांना दोन तास तापवला जातो आणि त्यात सिल्व्हर व मर्क्युरी यांचे क्षार लागतात. त्या तुलनेत मिनिटभरात मिळणारी धारा मोहक वाटते. परंतु तांबे-निकेलवर शर्करा भरघोस धारा देते आणि अ‍ॅसिटिक आम्ल जवळजवळ काहीच देत नाही, तर डायक्रोमेट दोन्ही मोजतो. कारखान्यातील ताज्या सांडपाण्यात शर्करा अधिक असते. तेच पाणी टाकीत आंबले की बाष्पनशील आम्ले वाढतात. म्हणून सकाळचे अंशशोधन संध्याकाळी लागू पडेलच असे नाही. निदान एका ठिकाणच्या, एका टप्प्यावरच्या पाण्यासाठी डायक्रोमेटशी समांतर मोजणी करून स्वतंत्र अंशशोधन करावे. सीओडीच्या २५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेजवळ निर्णय घ्यायचा असेल, तर डायक्रोमेटच वापरावा.

टायटॅनियम डायऑक्साइडची प्रकाश-विद्युतरासायनिक पद्धत या बाबतीत सरस आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात विकसित झालेल्या रचनेत अतिशय पातळ थरातील नमुना अतिनील प्रकाशाखाली पूर्णपणे ऑक्सिडाइज केला जातो आणि एकूण विद्युतभारावरून फॅराडेच्या नियमाने उत्तर काढले जाते. ऑक्सिडीकरण जवळपास पूर्ण होत असल्याने शर्करा की आम्ल हा भेद तेवढा उरत नाही.

११. “अ‍ॅस्कॉर्बिक आणि यूरिक आम्लाचा अडथळा नाही” असे जवळजवळ प्रत्येक निबंध म्हणतो. त्यावर विश्वास ठेवावा का?

मोजमाप बहुधा खरे असते; स्पष्टीकरण आणि निष्कर्ष मात्र तपासून घ्यावेत. नेहमीचे स्पष्टीकरण असे, की पीएच १३ ला ऑक्साइडचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि ऋणभारित अ‍ॅस्कॉर्बेटला दूर ढकलतो. ०.१ मोलर द्रावणात अशा भाराचा प्रभाव साधारण एक नॅनोमीटरमध्ये विरतो, त्यामुळे हे प्रतिकर्षण फार काही अडवत असेल असे मानणे कठीण आहे. खरी कारणे साधी आहेत. चाचणीत ग्लुकोज इतरांच्या दहापट किंवा अधिक घेतलेले असते, एका ग्लुकोज रेणूकडून मिळणारे इलेक्ट्रॉनही अधिक असतात, आणि ऑक्सिजनयुक्त आम्लारिधर्मी द्रावणात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल मोजणीपूर्वीच नष्ट होऊ लागते. ज्यांनी त्याचे साठाद्रावणच सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बनवले, त्यांनी प्रत्यक्षात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल तपासलेच नाही. साठा पाण्यात, त्याच दिवशी, बनवावा.

रक्तात ग्लुकोज ४ ते ६ मिलिमोलर आणि अ‍ॅस्कॉर्बेट त्याच्या अगदी लहान अंशाइतके असते, म्हणून ते प्रमाण रक्तापुरते रास्त आहे. घामात ग्लुकोज कितीतरी पटींनी कमी आणि फळांच्या रसात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल भरपूर, त्यामुळे तेथे तोच दावा लागू करता येत नाही. शिवाय या इलेक्ट्रोडचे खरे स्पर्धक म्हणजे फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज, इथेनॉल आणि अमिनो आम्ले. रक्तद्रवात सर्व अमिनो आम्ले मिळून दोन-तीन मिलिमोलरपर्यंत जातात. अडथळ्यांच्या यादीत ही नावे नसतील, तर ती चाचणी अपुरी समजावी. कारण प्रश्न ४ मध्ये दिले आहे.

१२. सेंद्रिय पदार्थ न घालताही माझ्या निकेल इलेक्ट्रोडची धारा दिवसागणिक वाढते. हे कशामुळे?

बहुतेकदा लोहामुळे. नेहमीच्या दर्जाच्या सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोहाचा अत्यल्प अंश असतो. निकेल हायड्रॉक्साइड तो स्वतःत सामावून घेते आणि ऑक्सिजनची निर्मिती कमी विभवाला सुरू होते. कॉरिगन यांनी १९८७ मध्ये हे दाखवले होते. २०१४ मध्ये बोएचर यांच्या गटाने लोह काढून टाकल्यावर हा परिणाम नाहीसा होतो हे ठळकपणे मांडले. मापनात याचा अर्थ असा, की पार्श्वभूमी-धारा चढते आणि शोधसीमा बिघडते. ताज्या शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडच्या अवक्षेपासह हायड्रॉक्साइडचे द्रावण ढवळून, अवक्षेप वेगळा केल्यास लोह बरेच कमी होते. काचेऐवजी प्लास्टिकचे भांडे वापरावे, कारण तीव्र अल्कली काचेतूनही अशुद्धी खेचते.

१३. माझी संवेदनशीलता काही हजार मायक्रोअँपिअर प्रति मिलिमोलर प्रति चौरस सेंटिमीटर येते. हे शक्य आहे का?

वरची मर्यादा स्वतः काढून पाहावी. ग्लुकोजचा विसरण-गुणांक सुमारे ६.७ गुणिले दहाचा उणे सहावा घात, चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद, आणि ढवळलेल्या द्रावणातील विसरण-थराची जाडी १० ते ५० मायक्रोमीटर धरली, तर एक मिलिमोलर ग्लुकोज प्रतिरेणू दोन इलेक्ट्रॉन देत असल्यास सपाट इलेक्ट्रोडवर जास्तीत जास्त २६० ते १३०० मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर मिळतात. ग्लुकोजचे सहा फॉर्मिक आम्लांत तुकडे झाले तर बारा इलेक्ट्रॉन मिळतात आणि मर्यादा सहापट होते. यापेक्षा मोठा आकडा आला, तर बहुधा फोम किंवा जाळीचे केवळ बाह्य क्षेत्रफळ हिशेबात धरलेले असते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. धारा विसरणाने मर्यादित असेल, तर विसरण-थरापेक्षा बारीक खडबडीतपणा वाढवून काहीच लाभ होत नाही. नॅनोरचना उपयोगी पडते ती अभिक्रिया मंद असताना. म्हणून ढवळण्याचा वेग बदलून धारा बदलते का, हे आधी पाहावे. शोधसीमेसाठी कोऱ्या द्रावणाच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले उतार हे सूत्र रूढ आहे, परंतु ते विचलन एकाच शांत आलेखातून न काढता स्वतंत्र कोऱ्या मोजण्यांतून काढावे.

१४. ज्याचे ऑक्सिडीकरण होत नाही असा पदार्थही तांब्याच्या इलेक्ट्रोडवर धारा देऊ शकतो का?

होय. तांब्याशी संकुल बांधणारे पदार्थ, उदाहरणार्थ अमिनो आम्ले, सायट्रेट किंवा ईडीटीए, पृष्ठभागावरील ऑक्साइड विरघळवतात. उघडा पडलेला धातू पुन्हा ऑक्सिडाइज होतो आणि त्याची धारा नमुन्याच्या नावावर जमा होते. कमी विभवाला दिसणारा अमिनो आम्लांचा प्रतिसाद बराचसा या मार्गाने येतो, उच्च विभवाला प्रत्यक्ष ऑक्सिडीकरणाचा वाटा वाढतो, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळलेले असतात. भेद ओळखण्यासाठी काही तास स्थिर विभवाला ठेवलेल्या द्रावणातील तांबे अणुशोषण पद्धतीने मोजावे आणि तीच मोजणी निकेल इलेक्ट्रोडवर करून पाहावी. संकुलाद्वारे येणारी धाराही संहतीच्या प्रमाणात असू शकते आणि वाहत्या प्रवाहातील शोधकात ती वापरलीही जाते, फक्त इलेक्ट्रोड झिजत असल्यामुळे अंशशोधन वारंवार करावे लागते.